प्रार्थनेनंतर लगेच उठू नका: मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

प्रति,
मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळकसाहेब, मंडळीचा कारभार पाहणारे पंच, महिला मंडळाच्या पदाधिकारी आणि तरुण संघाचे कार्यकर्ते यांस,
सप्रेम सलाम वि. वि.

आजाऱ्याच्या घरी जाण्याची रीत आपल्या मंडळ्यांत अजून टिकून आहे, हे चांगलेच आहे. पण त्या भेटीचा साचा एकदा नीट पाहा. उपासना संपली की सात-आठ जण एकदम निघतात. बाहेरच्या खोलीत खुर्च्या पुरत नाहीत, म्हणून शेजारून आणाव्या लागतात. घरातली सून चहा टाकते. एक गीत, एक शास्त्रपाठ, दहा मिनिटांची प्रार्थना, मग ‘काही लागलं तर सांगा’, आणि पंचवीस मिनिटांत सगळे पुढच्या घरी. मागे आठ उष्टे कप राहतात. रुग्णाला कुशीवर वळवायची वेळ टळून गेलेली असते. आणि ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हटल्यावर आजवर कोणी काही सांगितल्याचे फारसे ऐकिवात नाही, कारण मागणे हेही सांभाळणाऱ्याच्याच अंगावर टाकलेले एक काम असते.

आमची मागणी एकच आहे. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, किंवा ज्याला घटकाभरही एकटे सोडता येत नाही असे माणूस आहे, तिथे दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी मंडळीतल्या दोघांनी अडीच तासांसाठी जावे. तेवढ्या वेळात सांभाळणाऱ्या बाईला (बहुतेक घरांत ती बाईच असते) घराबाहेर पडता यावे, नाहीतर आतल्या खोलीत जाऊन निवांत झोपता यावे. त्या अडीच तासांत प्रार्थना होईलच, पण भेट तेवढ्यापुरती नसावी.

यात नवे काही नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी, लुटारूंनी वाटेत जखमी करून टाकलेल्या माणसासाठी काय काय करतो ते क्रमाने वाचा. जवळ जातो, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो, दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून देतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असा शब्द देतो. दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. म्हणजे दोन दिवसांचा रोज आणि वर उघडी हमी. या सगळ्यात तो त्या जखमी माणसाशी एक शब्दही बोलल्याची नोंद नाही. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब तर याहून रोखठोक आहे: उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या’ म्हणून लागेल ते दिले नाही, तर त्याचा काय उपयोग, असे तो विचारतो. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीने सात माणसे नेमली ती रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होते म्हणून. पंचांच्या बैठकीत रंगकाम, कंपाउंड आणि लाऊडस्पीकर यांच्या आधी हा विषय यायला शास्त्राचा एवढा आधार पुरेसा आहे.

आपल्याकडे हे मागे का पडले, त्याचेही एक कारण आहे. मिरजेचे मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचे. नगरचे बूथ हॉस्पिटल, केडगावला पंडिता रमाबाईंनी उभे केलेले मुक्ती मिशन, अशा संस्थांनी आजारी, अनाथ आणि निराधार माणसांना जवळ केले, आणि मराठी ख्रिस्ती समाजाला त्याचा सार्थ अभिमान आहे. पण त्यातून एक सवय लागली: सेवा म्हणजे संस्थेचे काम, मंडळीचे काम प्रार्थनेचे. आज पक्षाघाताचा रुग्ण आठ-दहा दिवसांत घरी पाठवला जातो आणि पुढची आठ-दहा वर्षे घरच्याच खाटेवर काढतो. जी सेवा कधी वॉर्डात होत होती ती आता स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, प्रशिक्षण नसलेल्या एका माणसाच्या हातून होते. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनाशमन आणि परिहार सेवेची (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणारी सेवा) सुरुवात झाली आणि पुढे मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत शेजारपाजाऱ्यांचीच जाळी उभी राहिली. आठवड्याला दोनेक तास देणारे साधे लोक, थोडे शिक्षण, आणि पाठीशी परिचारिका व डॉक्टर. त्यात सर्व धर्मांची माणसे आहेत. आपल्याला तेवढे मोठे काही उभारायचे नाही. आपल्याकडे सभासदांची नोंदवही आहे, दर रविवारी भेटणारी माणसे आहेत, आणि निवृत्त परिचारिका नाही अशी मराठी मंडळी शोधूनच काढावी लागेल.

सुरुवात नोंदवहीपासून करा. गेल्या तीन महिन्यांत प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) न आलेल्यांची नावे काढा. त्यातले काही रुसलेले असतील, काही पुण्या-मुंबईला मुलांकडे गेलेले असतील. उरलेल्यांत आजारी माणूस सापडेल, आणि त्याच्याइतकाच महत्त्वाचा त्याला सांभाळणारा. यादीत हमखास राहून जाणारे लोक वेगळे असतात: मानसिक आजाराचे रुग्ण, मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आया, क्षयरोगी, आणि ज्यांच्या घरी दारूमुळे जायला लोक टाळतात ती घरे. कर्करोगाच्या रुग्णाकडे सगळे जातात. स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलाच्या आईकडे वर्षानुवर्षे कोणी जात नाही.

आता हिशेब. समजा मंडळीत १२० कुटुंबे आहेत आणि अशी १० घरे निघाली. प्रत्येक घरी आठवड्याला दोघे, म्हणजे २० माणसे. एकाच माणसावर दर आठवड्याला भार नको म्हणून पाळी पंधरवड्याची ठेवली तर ४० माणसे. तीन कुटुंबांमागे एक माणूस, पंधरा दिवसांत अडीच तास. हे जमण्यासारखे आहे. पण पहिल्याच महिन्यात दहा घरे घेऊ नका. तीन घरे घ्या आणि तीन महिने एकही पाळी न चुकवता करा. अशी कामे उत्साह कमी पडल्याने क्वचितच बंद पडतात. दोन-तीनदा कोणी ठरल्या वेळी गेले नाही की बंद पडतात. ज्या बाईने बँकेत जायचे ठरवून साडी बदलून ठेवली आणि कोणी आलेच नाही, ती पुन्हा तुमच्या भरवशावर काही ठरवत नाही. म्हणून प्रत्येक घरामागे एक राखीव जोडी हवी, आणि येणे जमत नसेल तर आदल्या रात्री आठपर्यंत कळवायचे हा नियम कडक हवा.

जोडीनेच जायचे. प्रभूने बारा शिष्यांना दोघे-दोघे पाठवले. कॅथलिक धर्मग्रामांतली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झाल्यापासून घरभेटी जोडीनेच करते. त्यामागे व्यवहारही आहे. रुग्णाला उचलून वळवायला दोन माणसे लागतात. एकटा माणूस आणि असहाय रुग्ण अशी परिस्थिती कोणाच्याच हिताची नाही. आणि पुढे कोणी काही आरोप केला तर साक्ष असते. जोडीतले एक जण रुग्णाच्याच लिंगाचे असावे. नवराबायकोची जोडी चांगली चालते.

वेळ सकाळी दहा ते साडेबारा, नाहीतर दुपारी चार ते साडेसहा. दुपारी एक ते तीन घरे झोपलेली असतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते, त्यांच्याकडे सकाळीच जा. डायलिसिस साधारण चार तास चालते आणि आठवड्यातून दोन-तीनदा असते. त्या दिवशी घरी आल्यावर माणूस गळून गेलेला असतो, तेव्हा भेट नको. त्यापेक्षा डायलिसिसच्या दिवशी त्याच्याबरोबर रिक्षाने जाणे-येणे करा, म्हणजे घरच्यांची एक रजा वाचते. रविवार सकाळची एक पाळी मात्र प्रत्येक घराने विचारली तर द्यावीच. सांभाळणाऱ्या कितीतरी बायकांना वर्षानुवर्षे उपासनेला येता आलेले नाही. तिला देवळात बसता यावे म्हणून तरुण संघातले दोघे त्या वेळी तिच्या घरी बसले, तर त्यांची उपासनेला गैरहजेरी मांडू नका.

पहिल्या भेटीत काम करायला जाऊ नका. फक्त विचारा: दिवसातला सगळ्यात अवघड तास कोणता? ‘काय मदत करू’ या प्रश्नाला ‘काही नको’ हेच उत्तर येते. या प्रश्नाला खरे उत्तर येते. कोणी म्हणेल सकाळी संडासला नेणे, कोणी म्हणेल रात्री. त्याच भेटीत एक कागद लिहून खाटेजवळच्या भिंतीवर चिकटवा: डॉक्टरांचा फोन, कोणते हॉस्पिटल, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे, जवळच्या नातेवाइकांचे नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८. मधल्या वेळात काही झाले तर जोडीला शोधाशोध करायला लागू नये.

आता प्रत्यक्ष अंगमेहनतीचे. अंथरुणावरच्या रुग्णाचा पहिला शत्रू म्हणजे बेडसोअर, एकाच स्थितीत पडून राहिल्याने दाबाच्या जागी होणारी जखम. माकडहाड, टाचा, नितंबांची बाजूची हाडे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू या जागा प्रत्येक भेटीत उजेडात पाहायच्या. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडल्यावर फिकी पडत नसेल तर जखमेची सुरुवात झाली आहे असे समजा आणि घरच्यांना लगेच सांगा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे जागा गरम, कडक किंवा जांभळट लागते का ते पाहावे. अशा जागी चोळणे, तेल जिरवणे, पावडर थापणे बंद. चोळल्याने आतले नाजूक पेशीजाल आणखी फाटते. मधे भोक असलेली रबरी चकतीही नको, ती कडेकडेने रक्त अडवते. दर दोन तासांनी कूस बदलणे हाच उपाय आहे. पूर्ण आडवे कुशीवर टाकण्याऐवजी पाठीमागे उशी देऊन थोडे कलते ठेवा, दोन गुडघ्यांच्या मधे पातळ उशी द्या, आणि पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी राहतील असे करा.

उचलताना ओढायचे नाही. रुग्णाच्या खाली खांद्यांपासून मांड्यांपर्यंत एक आडवी चादर असू द्या. दोघांनी दोन्ही बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून धरायच्या आणि एका सुरात उचलून वर सरकवायचे. ओढले की त्वचा गादीला चिकटून मागे राहते आणि हाड पुढे जाते, तिथेच जखम होते. हवेची गादी असेल तर उत्तम, पण तिच्यावर जाड गोधडी घातली की तिचा उपयोग संपला. एक पातळ सुती चादर पुरे. आणि वीज गेली की ती बसते. भारनियमनाच्या गावांत पंप बंद पडल्यावर रुग्ण लोखंडी पट्ट्यांवर पडून राहतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ती असली तरी कूस बदलावीच लागते.

पक्षाघाताच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून कधीही उठवू नका. खांद्याचा सांधा निखळतो आणि पुढे महिनोन्महिने दुखतो. खुर्चीत बसवायचे तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला ठेवा, चाके लॉक करा आणि त्याला तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका. बोलणे गेले असेल तर होय-नाही अशी उत्तरे येतील असे प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी थांबा. आवाज चढवू नका, तो बहिरा नाही. युरिन बॅग कमरेच्या खालच्या पातळीवर असावी, पण जमिनीला टेकू नये. वळवताना नळी ताणली जाते का ते आधी पाहा.

नळीतून अन्न देणे, जखम धुऊन बांधणे, इन्सुलिन किंवा कोणतेही औषध देणे ही कामे जोडीची नाहीत, घरच्यांनी आग्रह केला तरीही. रुग्ण खाली पडला तर घाईने उचलू नका. दुखते कुठे, पाय आखूड किंवा वाकडा दिसतो का, शुद्ध आहे का ते पाहा, आणि शंका असेल तर १०८ लावा. मंडळीतल्या परिचारिकेने दोन शनिवारी तीन-तीन तास घेऊन हात धुण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सगळे एकमेकांवर करून शिकवावे. स्वतः चादरीवर पडून ओढून घेतल्याशिवाय ओढणे म्हणजे काय ते कळत नाही. सर्दी-खोकला असलेल्याने पाळी बदलून घ्यावी. केमोथेरपी चालू असलेल्याच्या घरी तर हे काटेकोर पाळा.

हातात काय न्यावे? आपल्याकडे आजाऱ्याकडे जाताना शहाळे, केळी किंवा मोसंबी नेतात. मूत्रपिंड निकामी झालेल्याला यातले एकही चालत नाही, तिन्हींत पोटॅशियम भरपूर असते आणि ते वाढले तर हृदय थांबू शकते. शिवाय त्याचे दिवसभराचे पाणीही मोजलेले असते, त्यामुळे ‘माझ्याबरोबर अर्धा कप चहा घ्या’ हा प्रेमळ आग्रहही नको. मधुमेह्याच्या घरी नाताळात आठ घरांचे फराळाचे डबे जमतात. त्याऐवजी मोठ्या माणसांच्या डायपरचे पुडके, अंगपुसणीचे दोन मऊ टॉवेल, बिछान्यावर घालायची रबरी चादर किंवा एका वेळचा स्वयंपाक न्या. चहा जोडीने स्वतःच करून प्यावा आणि कप विसळून ठेवावेत. यजमानीण बाहेर गेलेली आहे, हाच तर या भेटीचा हेतू आहे.

प्रभुभोजन घरी देण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण यात चूक झाली तर जिवावर बेतू शकते आणि सहसा कोणी विचार करत नाही. अनेक अंथरुणग्रस्तांना ते नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणालाच मिळते. महिन्यातून एकदा, मंडळीत प्रभुभोजन होते त्याच दिवशी दुपारी पाळकसाहेबांनी जावे. जाण्याआधी घरच्यांना विचारावे की गिळताना ठसका लागतो का, प्यायल्यावर आवाज ओलसर, घोगरा होतो का. पक्षाघात, पार्किन्सन आणि पुढच्या टप्प्यातला स्मृतिभ्रंश यांत पातळ पेय गिळणे सगळ्यात कठीण जाते आणि ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. अशा वेळी माणसाला पाठीला आधार देऊन ताठ बसवावे, मान मागे कलू देऊ नये, हनुवटी किंचित खाली असावी. भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून चमच्याच्या टोकाने द्यावा आणि गिळल्याची खात्री करावी. तोंडाने काहीच घ्यायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले असेल तर ते ऐकावे. ओठांना स्पर्श करूनही विधी होतो की नाही हे पाळकसाहेबांनी आधी ठरवून ठेवावे, खाटेपाशी चर्चा नको. नंतर अर्धा तास त्याला आडवे करू नये.

दुसरी बाब द्राक्षारसाची. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याला मद्यार्काचा घोटही चालत नाही, तोंड लाल होते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. न आंबवलेला द्राक्षरस किंवा मनुका उकळून काढलेला रस वापरणाऱ्या मंडळ्यांत हा प्रश्न येत नाही. जिथे वाइन वापरतात तिथे एक वेगळा प्याला ठेवा, आणि तो कोणासाठी हे जाहीर करू नका. वसई-उत्तनकडच्या कॅथलिक वाचकांसाठी एवढेच, की तिथे एका रूपातला (फक्त भाकरीचा किंवा फक्त द्राक्षारसाचा) ख्रिस्तप्रसादही पूर्ण मानला जातो, आणि प्रसादाआधीचा एक तासाचा उपवास वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांना सांभाळणाऱ्यांनाही लागू नाही. सांभाळणाऱ्यांचा विचार चर्चच्या कायद्याने केलेला आहे, याची आपणही दखल घ्यावी.

प्रार्थना कशी असावी यावर पाळकांना सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही, पण खाटेजवळून जे दिसते ते सांगतो. सहा ते दहा ओव्यांचा पाठ पुरतो. तेविसावे किंवा एकशे एकविसावे स्तोत्र शंभरदा वाचले तरी शिळे होत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्याला सुनेचे नाव आठवत नाही, पण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि लहानपणी पाठ झालेली रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे तो सुरात म्हणतो. तेव्हा नवी गीते नकोत, जुनीच घ्या आणि सावकाश म्हणा. त्याला ‘ओळखलंत का मला?’ असे विचारू नका. ही परीक्षा तो रोज नापास होतो. आपले नाव आपणच सांगावे. हात धरून प्रार्थना करताना डायलिसिसच्या रुग्णाचा फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेला हात आवळू नका, त्यातून रक्तप्रवाह बंद पडू शकतो. डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारा.

‘विश्वास कमी पडला’, ‘घरात काही पाप राहिले असेल’ ही वाक्ये भेटीतून हद्दपार करा. जन्मांधाविषयी शिष्यांनी नेमके हेच विचारले होते आणि प्रभूने ते खोडून काढले. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले होते, तेवढा काळ ते चांगले मित्र होते. बोलायला लागल्यावर बिघडले. आणि ‘प्रभू बरे करील, गोळ्या कशाला’ असे म्हणणारा कोणीही, मग तो कितीही मोठा प्रवक्ता म्हणवत असो, या सेवेच्या यादीत नको. हिज्कीया राजा मरणपंथाला लागला तेव्हा यशया संदेष्ट्यानेच गळवावर अंजिराचे पोटीस बांधायला सांगितले. मिरगीच्या, रक्तदाबाच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या अचानक बंद केल्याने काय होते ते आपल्यातल्या कोणत्याही परिचारिकेला विचारा.

गुप्तता हा आपला सगळ्यात कच्चा विषय. व्यासपीठावरून प्रार्थनाविनंती वाचताना आजाराचे नाव, हॉस्पिटल, वॉर्ड, सगळे जाहीर होते, आणि दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर खाटेवरच्या माणसाचा फोटो फिरतो. एचआयव्हीबाधित माणसाने विश्वासाने सांगितलेली स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. बाकीच्या आजारांनाही तीच शिस्त लावा: नाव घ्यायला त्याची परवानगी आहे का? नसेल तर ‘एक बहीण’ पुरे, देवाला पत्ता लागत नाही. जोडीच्या वहीत तारीख, आल्या-गेल्याची वेळ, काय केले आणि पुढच्या वेळी काय लागेल एवढेच लिहायचे. आजार लिहायचा नाही, घरातली भांडणे तर मुळीच नाहीत.

जोडीने पैसे हाताळू नयेत, एटीएम कार्ड घेऊन बँकेत जाऊ नये, भेटवस्तू घेऊ नये आणि मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नये. एकट्या राहणाऱ्या वृद्धाने घर मंडळीला द्यावे असा विषय भेटीत कोणी काढला, तर त्याला यादीतून त्याच दिवशी काढा. मालमत्तेच्या खटल्यांनी आपल्या मंडळ्यांचे जे झाले आहे ते पाहता हे जास्त वाटू नये.

कागदपत्रांत मात्र जोडीचा मोठा उपयोग आहे. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, आणि हे काम तरुण संघातला कोणीही दहा मिनिटांत करू शकतो. सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट नसलेले आयुष्मान कार्ड २०२४ पासून मिळते, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. आजारी पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते आधीच काढून ठेवा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचे. बिल हातात पडल्यावर भेटले तर बहुधा उशीर झालेला असतो. क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये पोषणभत्ता आहे, आणि मंडळी स्वतः निक्षय मित्र (क्षयरुग्णांना मदत करणारी नोंदणीकृत दाती) म्हणून नोंदवून त्याला दरमहा शिधा देऊ शकते.

पैसा किती लागेल? वेळ फुकट आहे. खर्च येतो तो वस्तूंचा. एक कमोड खुर्ची, एक चाकांची खुर्ची, एक वॉकर, एक हवेची गादी, दोन बेडपॅन आणि युरिनल पॉट एवढ्यावर उसनवारीचे कपाट सुरू होते. यातली निम्मी सामग्री मंडळीतल्याच घरांच्या माळ्यावर धूळ खात पडलेली असते, एकदा उपासनेत मागून पाहा. वस्तू देताना अनामत घेऊ नका, वहीत सही घ्या. रुग्ण वारल्यावर वस्तू परत मागणे सगळ्यांनाच जड जाते आणि घरच्यांनाही ती खुर्ची समोर नको असते. म्हणून दफनानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याच जोडीने भेटायला जावे आणि येताना वस्तू घेऊन यावी, निर्जंतुक करून कपाटात ठेवावी. कापणीच्या सणाच्या लिलावाचे उत्पन्न एका वर्षी या कपाटाला दिले तरी पुष्कळ होईल. भोपळ्याला चढाओढीने हजार रुपये बोलणारे हात आपल्याकडे कमी नाहीत.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. हे काम महिला मंडळाकडे सोपवून पंच मोकळे होतील, अशी आम्हाला दाट शंका आहे. प्रार्थना पुरुषांनी करायची आणि डायपर बायकांनी बदलायचा, ही वाटणी शास्त्रात कुठे नाही. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी आपण पाय धुण्याचा विधी करतो. त्या वेळी पुढे बसलेल्यांचे पाय घरूनच साबणाने धुऊन आलेले असतात. पंचांपैकी प्रत्येकाचे नाव पाळीच्या तक्त्यात असावे, आणि पुरुष रुग्णाचे अंग पुसायला पुरुषच जावेत. निवृत्त पुरुषांना तर वेळही असतो.

शेजारी कोणी हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध कुटुंब याच अवस्थेत असेल आणि त्यांना ही मदत हवी असेल तर त्यांचेही नाव यादीत घाला. तिथे त्यांनी सांगितल्याशिवाय प्रार्थना नाही, पत्रक नाही, येशूच्या नावाची चित्रे नाहीत. फक्त अडीच तास.

येत्या पास्टरेट कमिटीच्या (पंचांच्या) सभेत एवढे करावे: यादी करायला पंचांतला एक, महिला मंडळातली एक आणि एक परिचारिका अशा तिघांना नेमा. सहा आठवड्यांत यादी आणि पहिली तीन घरे ठरवा. दोन शनिवारचे शिक्षण त्याच मुदतीत घ्या. कपाटासाठी मंडळीच्या अंदाजपत्रकात वेगळे खाते उघडा, ‘इतर खर्चा’त टाकू नका. आणि पुढच्या वार्षिक अहवालात बाप्तिस्मे, दृढीकरणे आणि लग्ने यांच्या आकड्यांखाली आणखी एक ओळ छापा: सांभाळणाऱ्यांना मोकळे करून दिलेले तास.

आपले,
मंडळीत घरभेटीचे काम करणारे काही जण